आल्या वाटेनं उत्तर

प्रिय खारूताई,

तुझी तिन्ही पत्रं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर व्यवस्थित पोचली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही म्हणून तू गाल फुगवून बसली आहेस आणि शनिवारपर्यंतची शेवटची मुदत दिली आहेस, हेही वाचलं. थांब जरा, आधी कालची गंमत ऐक.

आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला रिपोर्टांचा कॉम्प्युटर आठवडाभर डॉक्टरांच्या इमारतीला उत्तरच देईना. आमच्या पोरांनी केबल बदलल्या, मशीन चारदा बंद-चालू केलं, शेवटी नवीन मागवायचा अर्ज लिहायला बसले. मग त्यांना या बाईंची, म्हणजे माझी, आठवण झाली! मी चष्मा पुसला आणि त्याच्या तारांवरून काय येतं-जातं ते बघत बसले. बिचारा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता गं. पण त्याला पत्ते दोन, एक प्रयोगशाळेच्या बाजूचा आणि एक डॉक्टरांच्या बाजूचा. प्रश्न डॉक्टरांच्या तारेनं यायचा आणि उत्तर मात्र नेहमीच्या ठरलेल्या दारानं, म्हणजे दुसऱ्याच तारेनं बाहेर पडायचं. तिथल्या फायरवॉलनं, म्हणजे तारेवरच्या पहारेकरणीनं, प्रश्न पाहिलेलाच नसायचा, त्यामुळे ती उत्तर सरळ फेकून द्यायची. मी दोन ओळी लिहिल्या, की ज्या पत्त्यावर विचारणा झाली त्याच्याच तारेनं उत्तर जावं. मशीन पुन्हा चालू केल्यावर विसरू नये म्हणून त्या कायमच्या साठवल्या. दहा मिनिटांत रिपोर्ट पोचायला लागले. पोरं बघतच राहिली आणि मी ऐटीत चहा प्यायले.

घरी येताना मात्र चांगलीच चरकले. आपल्या घरातला प्रत्येक निरोप तीस वर्षं तुझ्या बाबांच्या फोनवरूनच जातो. तुझं पत्र आलं की संध्याकाळी मी त्यांना सांगायचे, तिला एवढं कळवा. ते हो म्हणायचे आणि मी निर्धास्त. तू नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान काढलंस, त्या भांडणापासून तू त्यांचा फोन उचलतच नाहीस, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. काल खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून कबूल झाले. फोन त्यांनी तिन्ही वेळा केला होता, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. चूक माझी आहे. पत्रं मला आली होती, उत्तर मीच द्यायला हवं होतं.

म्हणून हे पत्र मी स्वतः लिहून ऑफिससमोरच्या पेटीत टाकते आहे. दुकानातलं इंटरनेटचं वायरिंग मी येऊन करीन का, असं तू विचारलंस. पहिल्या पत्राला माझं उत्तर हो होतं, दुसऱ्याला हो आणि तिसऱ्यालाही हो. दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस. शनिवारी पहिल्या बसनं केबलचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन येते. शिडी धरायला बाबा येतो म्हणतात. ते दाराबाहेर थांबतील, आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र न विचारता आत येणार आहे.

दोन्ही पत्त्यांवर तुझीच,
आई