नथीखालची चीर

अहो आई, सगळ्यात आधी आल्या त्या थोरल्या वन्संच, तुमची लेक, बेटम्याहून, भर दुपारी, बसनं, आणि मुळीच न कळवता. मला तर इतका आनंद झाला! आजकाल कोण येतं असं? फोन करून विचारतात, आई, फुरसत आहे का, जशी काही मी कचेरीत जाते. मी पटकन पोहे टाकले, वर जिरावण मसाला भुरभुरला, शेवेचा डबा काढला, तेवढ्यात अन्नपूर्णा रोडवरून धाकट्या वन्सं रिक्षातून उतरल्या. दोघी बहिणी एकदम! मी हसतच म्हटलं, आज राजेंद्र नगरात सण आहे की काय? तर थोरल्या वन्सं म्हणतात, "पोहे राहू दे वहिनी. आधी महालक्ष्म्या काढ. धाकट्या महालक्ष्मीचा मुखवटा बघायचाय मला, नथ उतरवून."

मी गॅस बंद केला. आई, ही गोष्ट तुम्ही आणि मी सोडून तिसऱ्याला माहीत नव्हती ना? तुम्ही गेल्यालासुद्धा आता किती वर्षं झाली.

झालं असं, की गेल्या दिवाळीनंतर मी मोरीत पाय घसरून पडले. तुमच्या नातवानं पुण्याहून माणूस पाठवून स्वयंपाकघरात फ्रिजवर कॅमेरा बसवून घेतला. पांढरा, एवढासा, लाडवाएवढा. बसवणारा भिया म्हणाला, "अम्माजी, अब आप अकेली नहीं रहोगी. देखो, मुंडी भी घुमाता है." मला बाई कौतुकच वाटलं. मी त्याला चहा दिला. तो बघतो हे मला माहीत होतं. पण तो ऐकतो, आणि ऐकलेलं ठेवून देतो, हे मला कुणी सांगितलं नाही! आणि मी तर दिवसभर तुमच्याशी बोलत असते. भाजी निवडताना, कणीक मळताना. यंदा महालक्ष्म्या गेल्यावर मुखवटे पुसून डब्यात ठेवतानाही बोलले. त्यातलं इतकंसं तोडून सूनबाईनं घरच्या ग्रुपवर टाकलं, वर लाल बदाम: आमच्या आई बघा देवीशी किती गोड बोलतात. देवीशी कुठली, तुमच्याशी बोलत होते मी! "याही वर्षी धाकटीची चीर कुणाला दिसली नाही हं आई, नथ बरोबर बसली." एवढंच. आणि ते सगळ्या गोतावळ्यानं ऐकलं.

तो दिवस आत्ता डोळ्यांसमोर आहे. लग्नाचं पहिलंच वर्ष, मी सतरा-अठरा वर्षांची. ओल्या हातानं मुखवटा उचलते आणि तो सुटतो. शाडूचाच तो, नाकापासून गालापर्यंत तडकतो. मला वाटतं आता माहेरी पाठवतात. तुम्ही काय करता, तर आधी उठून दाराला कडी घालता. मग स्वतःच्या हातातली लाखेची बांगडी काढता, पळीत वितळवता, आणि चीर भरता. बाहेर या दोघी दार वाजवताहेत, आई, कडी का लावलीस? "सोवळ्यात आहोत, कुणी यायचं नाही!" संपलं. सासरेबुवांची काय हिंमत होती त्यापुढे बोलायची. मग मला म्हणालात, "रडायचं तर आत्ता रडून घे. कडी काढल्यावर नाही." एवढंच रागावलात जन्मात. आता आई, सोवळं फ्रिजवरच्या त्या लाडवाला कोण सांगणार?

मी डबा काढला, नथ उतरवली. लाखेची लाल रेघ बघून थोरल्या वन्संनी आधी हात जोडले. "खंडित मुखवटा पुजला आपण? इतकी वर्षं? तरीच माझ्या घरात एकेक..." मग माझ्याकडे बघून, "फोडला कुणी?"

आई, मी म्हटलं, "तुमच्या आईनं."

जिभेवर कसं आलं माहीत नाही. वाटलं, तुम्ही तर गेलात, तुम्हाला कोण काय करणार. पण वन्संचं तोंड असं झालं, जसं मी त्यांना मारलं. "माझी आई? सोवळ्यात पाण्याचा थेंब सांडू न देणारी माझी आई, आणि आम्हाला फसवायची?" आणि रडायलाच लागल्या. पोहे गार झाले. धाकट्या वन्सं त्यांची पाठ चोळत म्हणाल्या, "रडू नकोस गं. अर्धवट ऐकून काय कळणार? भाचा येतोय ना रविवारी, टीव्हीवर पूर्ण लावून दाखव म्हणू. त्यात सगळं राहतं म्हणे."

राहतं ना. त्या दिवशी पुढे मी काय बोलले ते मला पाठ आहे: फोडला मी, आणि बांगडी गेली तुमची.

त्या गेल्यावर मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. देवाशपथ, पदर सारखा करेपर्यंत तुमच्या नातवाचा फोन! "आई, अंधार का झाला? बरी आहेस ना?" मी म्हटलं, अरे, त्यातलं जुनं पुसता येतं का? तर हसतो. "तुझ्याकडे काय गं लपवण्यासारखं?" काय सांगू त्याला. टॉवेल काढला.

म्हणून आज बोलत नाही, लिहितेय, मागच्या गॅलरीत बसून. इथवर त्याची मान वळत नाही. पाचवीची अक्षरं आहेत, सांभाळून घ्या. हा कागद मुखवट्यांच्या डब्यात तळाशी घालणार होते, पण तो डबा आता सगळेच उघडतील, तेव्हा ब्लाऊजमध्येच ठेवते. टीव्हीवर लागायच्या आधी वन्संना मीच सांगावं, हे मला कळतं. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तेव्हा तुम्ही कडी घातली होतीत, आता मला ती काढता येत नाहीये. रविवारी चार वाजता येतो, असं सांगून गेल्यात दोघी.