तीन बोटांवर एक गाठ

प्रिय सुतळ्या,

तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि आता तिला कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ दिसायला लागल्यामुळे माझी धडगत नाही, हे तुला फोनवर कळलंच असेल. खरं तर मीही फोनच करणार होते. पण मी उचलला की तू ‘आईला दे’ म्हणतोस आणि मी मुकाट्याने देते, अशी आपली पद्धतच पडून गेलीय. पत्राला ‘आईला दे’ म्हणता येत नाही. तेव्हा बूड टेकव आणि शेवटपर्यंत वाच.

तुमच्या कंपनीचं नवं गेमिंग मशीन गेल्या महिन्यात आमच्या मासिकाकडे चाचणीला आलं. सगळ्यांत महागडं, काचेच्या बाजूंचं, सात पंख्यांचं, आत रंगीबेरंगी दिव्यांची रोषणाई. घरी आणून खोक्यातून काढायचं, वायर लावायची आणि खेळायला बसायचं, अशी त्याची जाहिरात. मी चाचणी कशी घेते ते तुला ठाऊक आहे. आधी वजनकाट्यावर ठेवते, मग बाकीचं. त्यावरून तू मला भाजीवाली म्हणायचास, आणि आता अख्खी कचेरी म्हणते. वजन भरलं एकवीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम. ते वहीत लिहिलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बाजूचं झाकण उघडलं.

उघडल्या उघडल्या तू दिसलास. आत सगळ्या तारा मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. तीन बोटं अंतर, एक गाठ, पुन्हा तीन बोटं, पुन्हा एक गाठ. प्लास्टिकच्या पट्ट्या वापरायच्या या जमान्यात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माणसासारख्या तारा बांधणारा मनुष्य जगात एकच उरलाय, आणि त्याला मी बोट धरून शाळेत नेलंय. तुमच्या माहितीपत्रकात ‘तारांची हाताने केलेली बांधणी’ असं सोनेरी अक्षरांत छापलंय. बाबा असते तर म्हणाले असते, हाताने नाही तर काय पायाने बांधतात? पण मनातून खूश झाले असते. एक्स्चेंजच्या त्या कपाटांमध्ये तीस वर्षं त्यांनी हजारो तारा बांधल्या आणि त्यांच्या गाठींकडे उभ्या आयुष्यात कुणी वर मान करून पाहिलं नाही.

मशीन उत्तम चाललं. खोटं कशाला बोलू? चाचणीचे नेहमीचे तीन खेळ एकेक तास, सगळी चित्रं जास्तीत जास्त बारकाव्यावर ठेवून चालवले. ग्राफिक्स कार्ड तापलं, पण बेताने. पंख्यांचा आवाज घरातल्या फ्रिजपेक्षा कमी. आमचा चित्रकार ‘पाच मिनिटं बघतो’ म्हणून बसला तो छपाईला जायचं त्याचं पान अडकलं तेव्हाच उठला. दहापैकी साडेनऊ गुण मी वहीत लिहूनसुद्धा टाकले होते. मग फोटो काढायला पुन्हा झाकण उघडलं आणि भिंग लावलं, तेव्हा पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या जाड वायरीवरची दुसरी गाठ दिसली. ती उलटी होती.

हात चुकला असेल, असं मी क्षणभर म्हटलं. पण तुझा हात तिथे चुकत नाही. पाळी संपायला आली, एखाद्या तारेचा संशय आला आणि दुरुस्तीला वेळ नसला, की बाबा तिथे एक उलटी गाठ मारून जायचे. पुढच्या पाळीचा माणूस समजायचा, इथे बघ. आणि जो बघेल त्यानेच ती बोटांनी सोडवायची, कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम. तू एवढासा असतानाच हे उचललंस. शाळेची काच फोडलीस त्या दिवशी माझ्या डब्याच्या फडक्याला उलटी गाठ मारून ठेवली होतीस, आणि मधल्या सुट्टीत मी डबा टाकून तुझ्या वर्गाकडे पळाले होते. तुझ्या आणि माझ्याशिवाय ही भाषा आता कुणाला येत नाही.

म्हणून मी बघितलं. पॉवर सप्लाय बाहेर काढला, उलटसुलट पाहिला, मोजला. त्यात खोट सापडेना. उलट, तो फारच चांगला होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला की खोट याच्यात नसेल, बाजारात विकायच्या मशीनांत असेल. म्हणजे तुला चाचणीच्या मशीनसाठी हा वेगळा दिला असेल. मग आमच्या मुद्रितशोधकाच्या नावावर बाजारातून तेच मशीन विकत घेतलं आणि कचेरीत बोभाटा नको म्हणून थेट आपल्या घरी मागवलं. माहितीपत्रक तेच, दिवे तेच, पॉवर सप्लायवरचं लेबलसुद्धा अक्षरन् अक्षर तेच. काट्यावर ठेवलं तर वीस किलो सातशे. सहाशे चाळीस ग्रॅम कमी. आत प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि त्याच लेबलाखाली हलका, स्वस्तातला पॉवर सप्लाय. भाजीवालीला हसणाऱ्यांनी आता बोलावं.

आईच्या खोलीतच चाचणी घेतली, कारण चांगलं टेबल तिथेच आहे. आईने वरच्या पंख्यांवर हात धरला आणि म्हणाली, ‘ओले मोजे वाळवायला बरंय गं हे.’ मी नको नको म्हणेपर्यंत तिने एक जोडी वाळवलीसुद्धा. पण चाळिसाव्या मिनिटाला मशीनने मान टाकली. दिवे गेले, पंखे थांबले, आणि जळकट वास सुटला. थंड करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आईने मोजे उचलले आणि विचारलं, ‘हे असलं लोकांच्या घरात जातं?’ हो, जातं. लोकांच्या घरात, मुलांच्या खोलीत, पडद्याजवळच्या प्लगवर. यावर गप्प बसायचं नाही हे मी तिथेच ठरवलं.

आता तुझी काळजी. तू नोकरी पणाला लावून ती गाठ मारलीस, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. तुमचं मशीन काल परत पाठवलं. त्याआधी ती गाठ बोटांनी सोडवली आणि सरळ करून बांधली. तुझ्याइतकी सफाई माझ्यात नाही, पण उघडून पाहणाऱ्याला शंका येणार नाही. गाठीचा फोटो कुठेही नाही. छापून येईल ते बाजारातून आणलेल्या मशीनच्या जोरावर, माहितीपत्रकातल्या वजनाशी ताडलेल्या वजनकाट्याच्या जोरावर. पावती आहे, तीन वेळा बंद पडल्याची नोंद आहे, आणि खुद्द तेच मशीन आहे. कंपनीने कितीही आकांडतांडव केलं तरी ग्रॅम काही कुणाचे मिंधे नसतात.

पण ते मी लिहिणार नाहीये. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ सांगते. आज सकाळी मी संपादकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, त्या कंपनीत तारा बांधणारा माझा सख्खा भाऊ आहे, मला या चाचणीवरून काढा. त्यांनी चष्मा काढून पुसला. बाई, वर्षातली सगळ्यांत मोठी बातमी आहे, मुखपृष्ठावर तुमचं नाव जाणार होतं, असं म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. गाठीचं त्यांनाही सांगितलं नाही. मशीन आता माझ्या हाताखालच्या मुलीकडे आहे. ती स्वतः सगळं पहिल्यापासून मोजतेय, माझी वहीसुद्धा तिला दिलेली नाही. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी आहे, ग्रॅमभरसुद्धा सोडायची नाही. तिच्या नावाने पुढच्या अंकात छापून येईल.

संपादकांनी विचारलं, हा नियम तुम्हाला आजच का आठवला? बरोबर विचारलं. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीचं जुनं मशीन माझ्याकडे आलं होतं. ग्राफिक्स कार्डाखालचा एक स्क्रू सैल होता. मी छापलं, ‘ज्या हातांनी हे मशीन जोडलं, त्या हातांना घरी जायची घाई झालेली दिसते.’ वाक्य फक्कड जमलं होतं. वाचकांची पत्रं आली, लोक पोट धरून हसले. तुला मात्र दहा महिने खोकी बांधायला बसवलं. त्यानंतर आईने मला फक्त एकदा विचारलं, ‘ते त्याचं होतं हे तुला माहीत होतं का?’ मी नाही म्हणाले. आजपर्यंत तेच म्हणत आले. तूही ते खरं मानत असशील, किंवा मानत नसशील म्हणूनच ‘आईला दे’ म्हणत असशील.

सुतळ्या, मला माहीत होतं. त्याही मशीनमध्ये तीन बोटांवर एक गाठ होती. ती मी झाकण उघडल्या उघडल्या ओळखली, वाक्य लिहिताना ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी स्वतःला सांगितलं की भावाला झुकतं माप द्यायचं नाही म्हणजेच सचोटी. छे! सैल स्क्रू लिहिणं ही सचोटी होती. घाई लिहिणं नव्हती. कारण ती घाई कसली होती, ते जगात मला एकटीला ठाऊक होतं. बाबा दवाखान्यात होते. दुपारी चारपर्यंत मी आणि चारनंतर तू, असं मीच ठरवलं होतं. तुझी पाळी साडेचारला सुटते, तासभर उशीर चालेल का, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा म्हणाले की चारला मला छापखान्याकडे निघायलाच हवं. तू एकदाही उशिरा आला नाहीस. धापा टाकत यायचास, हाताला मेण तसंच. घरी जायची घाई तुला नव्हती. ती माझी घाई तुझ्या हातात होती, आणि बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मी तिच्यावर विनोद केला.

ते वाक्य मला छापूनच मागे घ्यायचंय, माझ्या नावानिशी, कारणासकट. पण त्याने तुझ्याकडे बोटं वळतील, म्हणून केव्हा छापायचं ते तू सांग, दहा वर्षांनी सांगितलंस तरी चालेल. आईला मात्र मी तुझी वाट न बघता सांगितलं, आज जेवताना. ती उठली, बाबांच्या डब्यातली मेणदोऱ्याची गुंडी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि आत निघून गेली. त्यातलाच हातभर दोरा या पाकिटाला बांधलाय. फोडायच्या नादात तू तो ओढून काढला नसशील, तर नीट बघ, त्यावर एकच गाठ आहे आणि ती उलटी आहे. घरी ये. कात्री लावू नकोस.

तुझीच,
भाजीवाली ताई