बिनभोकांचं टेबल

सोमवार, ३ फेब्रुवारी

दहा फूट बाय पाच फूट! आज टेप घेऊन मी स्वतः पुढची खोली मोजली. अठरा बाय चौदा. टेबल मधोमध बसलं तर चारी बाजूंना चार-चार फूट उरतात, फार तर साडेचार. आणि तेवढी जागा काठी मागे घ्यायला हवीच, असं हे म्हणतात. म्हणजे बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून सरकायचं. पाली आहोत का आम्ही?

झालंय असं — रंगाच्या दुकानावरचा ह्यांचा क्लब बंद होतोय. इमारत विकली. तिथलं बिलियर्ड्सचं जुनं टेबल कुणाला द्यायचं, तर ज्यांच्या घरात मावेल असे दोनच सभासद. एक हे, दुसरे दातांचे डॉक्टर. दोघांचा सामना लावणार. जिंकेल त्याचं टेबल.

घरात ऊन येतं ते फक्त पुढच्या खोलीत. माझे देव तिथे, पोथी वाचायची खुर्ची तिथे. "देव काय, स्वयंपाकघरातल्या फळीवरही राहतील," म्हणाले. देवांना विचारलं का?

बुधवार, ५ फेब्रुवारी

खेळ समजावून घेतला. शत्रूची माहिती असावी.

"ह्या टेबलाला भोकं नसतात," हे म्हणाले.

"मग चेंडू जातात कुठे?"

"कुठेच जात नाहीत. तीनच चेंडू — दोघांचे एक-एक आणि एक लाल. आपल्या चेंडूने बाकीच्या दोघांना टक्कर द्यायची."

"मग?"

"मग एक गुण."

सगळे तिथेच राहतात आणि एकमेकांवर आदळतात. चौतीस वर्षं ह्या घरात तेच चाललंय. मला कुणी गुण दिला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

नकाशे काढणाऱ्या कचेरीतून माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी समजावून सांगायची ओढ लागते. आज मी धान्य निवडत होते, तर समोर बसून पूर्ण इतिहास सांगितला.

पूर्वी म्हणे राजेलोक हा खेळ हिरवळीवर खेळत. वाकून वाकून कंटाळले, पाऊस आला की चिखल, म्हणून खेळ उचलून टेबलावर आणला, आणि गवताची आठवण म्हणून वर हिरवं कापड घातलं. राजांना घरात गवत हवं झालं की त्याला इतिहास म्हणतात. मी कुंडी आत आणली तर "डास होतील".

काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते. ती कुणा फ्रेंच अधिकाऱ्याने तुरुंगात शोधली. तुरुंगात टेबल होतं! टिकलीमुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. शिक्षा संपली तर गृहस्थ म्हणतो, मला अजून थोडे दिवस राहू द्या, सराव राहिलाय. अशी दंतकथा आहे, असं हे म्हणाले — आणि डोळे भरून आले! मला त्या अधिकाऱ्याची बायको डोळ्यांपुढे आली. ती बिचारी दारात उभी. किंवा कोण जाणे, सुटकेचा श्वास टाकत असेल.

चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्याचे जेमतेम चार-पाच चेंडू. एवढा डोंगराएवढा जीव मारायचा, कशासाठी, तर भोक नसलेल्या टेबलावर चेंडू फिरवायला! हे ऐकल्यावर मी उठून जपाला बसले. मागून ह्यांचा आवाज — "आता प्लास्टिकचे असतात गं!"

सोमवार, १० फेब्रुवारी

आज प्रकार. म्हटलं ऐकून घ्यावं, भाजी चिरून होईपर्यंत.

पहिला प्रकार सरळ — दोन्ही चेंडूंना लागलं की गुण. पण हुशार लोकांनी काय केलं, दोन चेंडू कोपऱ्यात गोळा केले आणि आपला चेंडू त्यांना नुसता टुकटुक लावत बसले. शेकडो गुण, हजारो गुण! बघणारे घोरायला लागले. मग टेबलावर खडूने रेघा मारल्या — ह्या चौकोनात एक-दोनदाच, मग बाहेर निघा. मग कुणी म्हणालं, आधी एका कडेला लागलं पाहिजे. मग कुणी म्हणालं, तीन.

हे आणि डॉक्टर खेळतात तो तीन कडांचा. दुसऱ्या चेंडूला लागायच्या आत आपला चेंडू टेबलाच्या कडांना तीनदा लागायला हवा. सर्वांत अवघड प्रकार तो.

"सोपा का नाही घेतला?" विचारलं.

"त्यात काय मजा!"

आणि नळाची गळती काढायला मात्र माणूस बोलवा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ह्यांचा डबा राहिला म्हणून पहिल्यांदाच क्लबात गेले. जिना अरुंद, भिंतीला रंगाच्या दुकानाचा वास. वर चार म्हातारे, एक दिवा आणि ते टेबल.

टेबलावर हात ठेवला — गरम! कापडाखाली दगडाची लादी, लादीखाली तारा. लादी थोडी कोमट ठेवली की कापडात ओल राहत नाही आणि चेंडू लांब पळतात. दिवसभर वीज चालू! मी गुडघ्याला शेकायची विजेची पिशवी मागितली तेव्हा "मीठ तापवून शेक, तेच खरं औषध" म्हणाले होते. दगडाला संधिवात झालाय वाटतं.

क्लबाच्या चिटणीसांनी चहा दिला. भिंतीवर फळा, त्यावर प्रत्येकाची दर पाळीची सरासरी. ह्यांची शून्य पूर्णांक बहात्तर. मी सहज गुणांची वही चाळली, कागदावर भागाकार केला. छत्तीस येते! कुणीतरी गुण बरोबर लिहिले होते, पण पाळ्या अर्ध्याच धरल्या होत्या. सांगितलं तर चौघेही वहीवर वाकले. डॉक्टरांची अडुसष्टवरून चौतीसवर आली.

"वहिनी, मॅट्रिकला गणितात किती होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेवढे पडले तेवढेच सांगते मी. तुमच्यासारखे दुप्पट नाही करत."

हसले बिचारे. माणूस चांगला. सर्वांसमोर मी त्यांना सांगून टाकलं — "डॉक्टर, जिंका तुम्ही! ते धूड माझ्या घरात नकोय." हे काठीच्या टिकलीवर खडू घासत राहिले. खडू संपेल इतका घासला.

रविवार, १६ फेब्रुवारी

चिटणीस घरी आले. गुण मांडणारा आजारी पडलाय. सामन्याला मी गुण मांडावे आणि चेंडू लागला-न लागला तेही मीच सांगावं.

"अहो, मी ह्यांची बायको. डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टरांनीच नाव सुचवलं. म्हणाले, वहिनींना टेबल नकोय, आणि खोटं त्या बोलत नाहीत. ह्याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार?"

खरं सांगायचं तर छाती फुगली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

हे जेवणाच्या टेबलावर झाडूच्या दांड्याने सराव करतात. आज काचेची वाटी फुटली. कोनमापक घेऊन कागदावर रेघा मारतात — टेबलाच्या कडेवर खुणा जडवलेल्या असतात, त्यांची बेरीज-वजाबाकी करून चेंडू कुठे जाईल ते काढायचं. कागदावर प्रत्येक वेळी बरोबर जातो.

संध्याकाळी देवाला म्हटलं — ह्यांना हरव. पण फार पाडून नको. एका-दोन गुणांनी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

उद्या. ह्यांनी पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला. स्वतः! लग्नात केला नसेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळं लिहून ठेवते.

पंचवीस गुणांचा सामना. मी उंच स्टुलावर. घोळ नको म्हणून वहीच्या पहिल्या पानावर टेबल काढून चार कडांना चार नावं दिली होती — खिडकीची, दाराची, कपाटाची, घड्याळाची. चेंडू लागेल तशी कडेवर खूण करायची.

पहिला तास म्हणजे दोन म्हातारे वाकतात आणि चुकतात. कमरेचा आवाज चेंडूपेक्षा मोठा. डॉक्टर दर वेळी "अरेरे" म्हणतात, दात काढतानाही म्हणत असतील. पण मग काय झालं कोण जाणे! ह्यांनी एक चेंडू असा मारला की तो तीन कडा फिरून, जवळजवळ थांबत थांबत, शेवटच्या चेंडूला नुसता टेकला. सभागृहात — म्हणजे चार माणसांत — कुणी श्वास घेईना. मी हा माणूस चौतीस वर्षं बघतेय. मोजे सापडत नाहीत त्याला. आणि हे तिथे, एक डोळा मिटून, सगळं ठाऊक असल्यासारखे उभे.

चोवीस-चोवीस.

डॉक्टरांची पाळी. लाल चेंडू खिडकीच्या कडेपासून बोटभर अंतरावर. डॉक्टरांचा चेंडू खिडकीच्या कडेला लागला, लालला लागला, मधल्या बोळात पुन्हा त्याच कडेवर टिक् झाला, तिथून निघून घड्याळाच्या कडेला, आणि मग अलगद ह्यांच्या चेंडूला. टाळ्या! डॉक्टरांनी काठी छातीशी धरली.

मी वही पाहिली. खिडकीची. घड्याळाची. तिसऱ्या कडेवर खूणच नाही.

देवाशप्पथ, त्या क्षणी मनात आलं — गप्प बस बाई! टाळ्या झाल्यात, टेबल चाललंय, तुझ्या देवांची खोली वाचलीय. तूच मागितलं होतंस, एका गुणाने. तोंड उघडू नकोस.

पण कसं उघडू नको?

"दोन," म्हटलं. "दोनच कडा झाल्या. गुण नाही."

डॉक्टरांनी काठी खाली घेतली. चिटणीस "वहिनी, नक्की?" म्हणाले. तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "अहो, ह्यांना टेबल घरात नकोय हे इथल्या झुरळांनासुद्धा माहीत आहे. तरी दोन म्हणतात, म्हणजे दोनच. मला तिसरी लागल्याचा भास झाला असेल. चला, पुढे!"

ह्यांनी काठीला खडू लावला. वाकले, मारला. पंचवीस.

सोमवार, २४ फेब्रुवारी

देवांना स्वयंपाकघरात हलवलं. फोडणीच्या धुराने खोकतील. पण सत्याला जागले. मान ताठ आहे.

शनिवार, १ मार्च

आलं! लादीचे तीन तुकडे, एकेकाला चार हमाल. शिंपी येऊन नवं कापड ताणून गेला — माझ्या लग्नातल्या शालूला एवढी माया कुणी लावली नव्हती. पाणसळ ठेवून पाय वर-खाली केले, खाली पत्ते सरकवले. डॉक्टर स्वतः मदतीला आले होते, बाह्या सरसावून. जाताना म्हणाले, "वहिनी, कधीतरी येऊ ना खेळायला?" त्यांच्या घरची खोली त्यांनी रिकामी करून ठेवली होती म्हणे. रंगसुद्धा दिला होता.

मी खिडकीला पाठ लावून उभी. पाल.

बुधवार, ५ मार्च

टेबलाबरोबर क्लबाची जुनी पेटीही आली. खडूचे तुकडे, चामड्याच्या टिकल्या, आणि नियमांचं एक छापील पुस्तक. दुपारी निवांत होते म्हणून वाचलं. सातव्या पानावर आले आणि पाणीच झालं माझं.

कडा तीन वेगवेगळ्या असाव्या लागत नाहीत! तीनदा लागणं महत्त्वाचं. एकाच कडेला दोनदा लागलं तरी दोन धरायच्या.

खिडकीची, पुन्हा खिडकीची, घड्याळाची. तीन! डॉक्टर जिंकले होते. धडधडीत, माझ्या डोळ्यांसमोर जिंकले होते, आणि तो टिक् मी कानांनी ऐकला होता! हिशेब चोख म्हणून मला स्टुलावर बसवलं, आणि मी एकाच कडेवर दोनदा खूण करायची नाही म्हणून एक अख्खा गुण खाल्ला. आणि वर आठवडाभर सत्यवादी म्हणून मिरवले. देवाने बरोबर दिलं होतं, मीच परत केलं.

आता सांगायला तर हवंच. पण सांगितलं की सगळे काय म्हणतील? टेबल नकोय ना बाईला, आता पुस्तकातून पळवाट शोधली. तेव्हा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला तो ज्या कारणाने, त्याच कारणाने आता कुणी ठेवणार नाही!

म्हणोत. उद्या सकाळी आधी ह्यांना सांगते, मग डॉक्टरांना. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते — मनाच्या एका कोपऱ्यात मी खोलीत ऊन कुठवर येतं ते आठवून बघितलं.

गुरुवार, ६ मार्च

पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत गेले. हे ब्रशने कापड झाडत होते. मी तोंड उघडायच्या आत, वर न बघताच म्हणाले, "एक बोलू? डॉक्टरांची तिसरी लागली होती. मी अगदी समोर उभा होतो. तू 'दोन' म्हणालीस आणि मला काही सुचेचना. साहेबांना 'ह्यांना ताप आहे' एवढं खोटंसुद्धा तू कधी सांगितलं नाहीस माझ्यासाठी. चौतीस वर्षांत एकदा खोटं बोललीस." मग बराच वेळ एकाच जागी ब्रश फिरवत राहिले. "डॉक्टरांना बोलावतो रोज. टेबल दोघांचं. पण तुझं नाव मात्र काढायचं नाही."

मी पुस्तक पाठीमागे धरलं.

"झाडा नीट," म्हटलं. "तिकडे खडू राहिलाय."