दुसरे तोंड

तारीख पाच

घरमालकीणबाई शेजाऱ्यांना सांगतात की मी तीन तारखेला रात्री आलो. हे साफ चूक आहे. तीनच्या रात्री बंडखोरांनी पूल उडवला. त्या धांदलीत बाईंची गफलत झाली असावी. मी चार तारखेला, भरदुपारी, हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन शीळ घालत आलो. खोली हवेशीर आहे. खबऱ्यांच्या जबान्या शुद्ध भाषेत उतरवण्याची छावणीतली नोकरी मिळाली. निवृत्त शिक्षकाला आणखी काय हवे? तळमजल्यावरच्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला आणि घाई करण्यास बजावले.

तारीख सात

कॅप्टनसाहेबांनी नियम समजावला. एका तोंडाने सांगितली ती अफवा. दुसऱ्या तोंडाने दुजोरा दिला की ती खबर, आणि खबर ठरली की माणसाला उचलायला गाडी निघते. नियम सुटसुटीत आहे. दाढी करताना न्हाव्यापाशी कुरकुर केली की शिंप्याचे यंत्र पहाटेच खडखडू लागते, झोपेचे खोबरे होते. तो म्हणाला, मास्तर, एवढ्या पहाटे कोणाचे कपडे शिवतोय, जावयाचे की बंडखोरांचे? मीही हसलो.

तारीख दहा

आजच्या जबानीत शिंपी निघाला: पहाटे चोरून शिवतो, बहुधा बंडखोरांचे गणवेश. खबऱ्याचे नाव मला सांगत नाहीत. साहेबांनी विचारले, तुम्ही वरच राहता, यंत्र वाजते का? मी खोटे बोलत नाही. वाजते, म्हणालो.

तारीख अकरा

शिंप्याला फरफटत नेले. काका, सांगा ना यांना, असे माझ्याकडे बघून ओरडत होता. मी छावणीत जाऊन सांगितले की ती खबर न्हाव्याचीच असणार आणि त्याला ती मीच दिली. दोन्ही तोंडे माझीच. साहेब हसले. म्हणाले, मास्तर, दोन मोजून झाली. तिसरे उघडू नका.

तारीख तेरा

प्रेत परत आले. बोटे नव्हती. शिंप्याच्या बायकोने माझा कोट आणून दिला. दिवसा गिऱ्हाइके असायची, म्हणून हे पहाटे तुमचाच शिवत होते, म्हणाली. एक बाही राहिली आहे.

तारीख चौदा

न्हाव्याने विचारले, पूल उडाला त्याच रात्री आलात म्हणे? बाई सांगत होत्या. वस्तरा गळ्यावर होता — मान हलवता आली नाही.

तारीख पंधरा

साहेबांनी बाईंना बोलावले. दुजोऱ्यासाठी. म्हणजे पुन्हा एकच तोंड, दोनदा —

गाडी गल्लीत वळली. एवढे तरी अचूक राहावे:

माझे आगमन: चार. तीन नव्हे.
कोट टाकला: पाच.
शिंप्याला नेले: अकरा. दफ्तरात दहा आहे, चूक.
मला नेले: पंध—