आद्य संगणक महाकोश : हात लावू नये

१ जानेवारी, सकाळ
संकल्प. ‘आद्य संगणक महाकोश’ ही माझी वेबसाइट यंदा जागतिक पातळीवर न्यायची. दर्जा जागतिक आहेच, पातळी तेवढी राहिली आहे. जुन्या कॉम्प्युटरांवर इतकं सखोल लिखाण दुसरीकडे कुठेही नाही. असलं तर मी ते वाचत नाही.
योजना : उरलेले सगळे लेख मार्चअखेर. मग इंग्रजी आवृत्ती. मग जर्मन. (जर्मन शिकणे : एप्रिल.)
भेट देणाऱ्यांचा आकडा रोज वाढतोय. बायको म्हणाली, तो आकडा बघायला तूच दिवसातून दहादा जातोस, त्याचं काय? शाळेत गणित शिकवते. या लोकांना सगळीकडे चूकच दिसते.

८ जानेवारी
साइटवर प्रतिक्रिया! एक वाचक लिहितो की ‘फ्लॉपी ड्राइव्हचे अंतरंग’ या लेखातला फोटो उलटा लागलाय, शिवाय तो फ्लॉपी ड्राइव्हचा नसून टेपरेकॉर्डरचा आहे. असल्या माणसांना फक्त बारीकसारीक गोष्टींत रस. मूळ विचार डोक्यावरून जातो. ब्लॉक केला.
नंतर लक्षात आलं, प्रतिक्रिया देणारा तो एकटाच होता. हरकत नाही. आता चर्चेची पातळी राखता येईल.

२२ जानेवारी
विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचं काम करतो, त्यामुळे स्वभावात काटेकोरपणा आलाय. बाकीच्या स्टाफबद्दल तसं म्हणता येत नाही. आज कॅशियर म्हणाला, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, माझा प्रिंटर कागद गिळतोय. इतिहासकाराला कोणी किल्ल्याची फरशी पुसायला बोलावतं का? त्याला म्हटलं, तुमचा प्रिंटर अजून पुरेसा जुना झालेला नाही. वीस वर्षांनी या.

५ फेब्रुवारी
साइटचं नवं रूप. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, पूर्वीच्या मॉनिटरसारखी. मुद्दाम थरथरणारी. बायकोने अर्धं पान वाचलं आणि डोकेदुखीची गोळी घेतली. म्हणाली, इथे थांबेल कोण? ज्याची लायकी आहे तो थांबेल. हा काय बसस्टॉप आहे?

१० फेब्रुवारी
आकडा घसरला. निवडक वाचक उरतायत. हेच हवं होतं.

१७ फेब्रुवारी
सासरे बाथरूममध्ये घसरले. पाय मोडला. प्लास्टर. एकटेच राहतात, तेव्हा त्यांना आपल्याकडे आणायचं असं बायकोने ठरवलं आणि मला कळवलं. ठेवायचं कुठे, विचारलं. म्हणे मागच्या खोलीत. मागची खोली म्हणजे महाकोशाचं संग्रहालय! भिंतीपासून भिंतीपर्यंत कॉम्प्युटर. बायको म्हणाली, एकतर बाबा, नाहीतर तुझे डबे.
मी दोन्ही म्हटलं. यंत्रं भिंतीला, सासरे मधोमध. तोडगा काढावा तर मीच.

२१ फेब्रुवारी
सासरे आले. जन्मभर बस चालवली. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, जावईबापू, हे सगळं चालतं का हो? म्हटलं, उत्तम स्थितीत आहे. म्हणाले, ते दिसतंय, पण चालतं का? ड्रायव्हर माणूस. जतन करणं म्हणजे काय, याची कल्पनाच नाही. बटण दाबून बघणं म्हणजे ज्ञान नव्हे, हे त्यांना नीट समजावलं. ऐकता ऐकता झोपले.
मोजे मॉनिटरवर वाळत घातलेत.

२ मार्च, संध्याकाळ
ऑफिसातून आलो तर मागच्या खोलीतून टुंऽक टुंऽक आवाज. सासऱ्यांनी कोपऱ्यातलं सर्वांत जुनं मशीन बायकोकडून टीव्हीला जोडून घेतलं आणि चालू केलं! ते चालतं हे मला अर्थातच ठाऊक होतं. तसं लेखात लिहिलंच आहे. चालवून बघायचा उतावळेपणा तेवढा केला नव्हता.
प्लास्टरचा पाय माझ्या दुर्मीळ प्रिंटरवर. हातात जॉयस्टिक. पडद्यावर यान उडवायचा खेळ. पाठीमागे त्यांचा व्यायाम घ्यायला येणारी बाई आणि वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर. दोघं ओरडतायत, डावीकडून घ्या, डावीकडून! सासरे म्हणतायत, मी डावीकडून ओव्हरटेक करत नाही.
पोस्टमास्तर मला म्हणाले, अहो, इतकी मजेची वस्तू घरात ठेवून बोलला नाहीत कधी! दहा वर्षं वेबसाइटवर दुसरं काय करतोय मी?

९ मार्च
रोजचाच बाजार झालाय. दारात चपलांचा ढीग. बायकोसुद्धा पेपर तपासायचं सोडून नंबर लावून बसते. खिदळते. इतकं हसण्यासारखं त्या खेळात काहीही नाही, मी त्याची तांत्रिक बाजू अभ्यासलेली आहे. सासऱ्यांनी आज मलाही हाक मारली, या जावईबापू, एक डाव होऊन जाऊ दे. नकार दिला. अभ्यासकाने अंतर राखावं.
साइटवर आज कोणी फिरकलं नाही.

१२ मार्च
संग्रहालयाच्या दारावर सूचना चिकटवली. ‘वस्तूंना हात लावू नये. — व्यवस्थापन.’ बायकोने विचारलं, हे व्यवस्थापन कोण? सासऱ्यांनी चष्मा लावून सूचना दोनदा वाचली. म्हणाले, बरोबर आहे तुमचं. दुसऱ्याची गाडी न विचारता बाहेर काढू नये. मग जॉयस्टिक रुमालाने पुसून जागच्या जागी ठेवली.
बघा. नीट सांगितलं की माणूस ऐकतो.

२० मार्च
शांतता. कामाला फार पोषक. अजून काम सुरू केलेलं नाही.
सासरे खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसेस बघतात. पोस्टमास्तर आले, सूचना वाचली, गेले. व्यायामवाली बाई म्हणाली, आजोबा हल्ली पाय हलवायला तयार नसतात. स्वतःच्या कामातली त्रुटी पेशंटवर ढकलायची जुनी युक्ती. असे दावे मी रोज नाकारतो.

२५ मार्च
सासरे मेहुणीकडे राहायला गेले. म्हणाले, तिकडे जिन्यांचा त्रास नाही. आम्ही तळमजल्यावर. मेहुणी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. या वयात असा गोंधळ व्हायचाच. मी दुरुस्ती केली नाही.
बायको त्यांना सोडून आली ती बोलेचना. दमली असेल.

३ एप्रिल
बायको अजून दमलेलीच आहे. ‘डबा ओट्यावर’, ‘गॅस बंद कर’, एवढंच. घरात लेखनाला असं वातावरण कधी नव्हतं.
जर्मन पुढे ढकललं. पुस्तक आणायचं राहिलं.
त्या यानाच्या खेळावर अधिकारवाणीने लेख लिहावा म्हणून मशीन लावलं. यान पहिल्याच वळणावर फुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. जॉयस्टिक सदोष आहे, सासऱ्यांनी वापरून वापरून बिघडवली. मागून कोणी ओरडत नसल्यामुळे एकाग्रता मात्र उत्कृष्ट. तरी फुटलं.

१६ एप्रिल
मोठ्या मनाने सासऱ्यांना फोन केला. सांगितलं, दर रविवारी चार ते पाच, हातमोजे घालून, खेळायला परवानगी देण्यात येत आहे. म्हणाले, कशाला तसदी घेता? तुमच्या साडूंनी तोच खेळ फोनवर घालून दिलाय. रंगीत आहे, आवाजही चांगला आहे. पोस्टमास्तरही येतात अधूनमधून. म्हणजे तो माणूस माझ्या डोक्यावर राहतो आणि खेळायला शहर ओलांडून चार मजले चढतो. गुडघे दुखतात म्हणून आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येत नाही!
फोन ठेवताना सासऱ्यांनी विचारलं, तुम्ही कसे आहात जावईबापू? जेवता ना वेळेवर? म्हटलं, कामात आहे.
साडू मोबाइलची कव्हरं विकतो. इतिहास असल्या लोकांच्या हाती जायचा होता.

२ मे
कठोर निर्णय. महाकोश बंद करायचा. हा समाज त्या लायकीचा नाही. साइटवर निवेदन टाकलं : महिनाअखेर महाकोश कायमचा मिटेल, मात्र वाचकांच्या आग्रहाच्या विनंत्या आल्यास फेरविचार होऊ शकतो. ‘फेरविचार’ ठळक केला. ज्याला समजायचं त्याला समजेल.

११ मे
विनंती नाही. जबर धक्का बसलेला दिसतो. लोकांना शब्द सुचत नसणार.
‘फेरविचार’ लाल केला. लुकलुकता केला. ब्लॉक केलेल्या त्या वाचकालाही माणुसकी म्हणून मोकळं केलं.

१३ मे
तोही काही बोलत नाही. कृतघ्न.

१९ मे
सगळी यंत्रं एका तंत्रज्ञान संग्रहालयाला देणगी म्हणून देऊ केली. तिथली बाई बघायला आली. मी प्रत्येक मशीनचा इतिहास सांगितला. ती मान हलवत राहिली. शेवटी विचारलं, यांची मूळ खोकी आहेत का? माळ्यावरून काढून दाखवली, थर्माकोलसकट. बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, ही मशीन्स आमच्याकडे ढिगाने पडलीत, पण खोकी लोक फेकून देतात हो. पांढरे हातमोजे घातले, खोकी एकेक करून टेम्पोत चढवली, माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि गेली.
मशीन्स इथेच. देशाची सांस्कृतिक अवस्था.

२६ मे
बायको आज पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, बाबांचं प्लास्टर निघालं, एकदा जाऊन भेट. विचारलं, कशासाठी? म्हणाली, राहू दे.
विचार केला. ‘कशासाठी’ यात चुकीचं काय होतं ते कळलं नाही. प्रश्न मुद्देसूद होता.

३१ मे, संध्याकाळ
महाकोश बंद केला. बटण दाबल्यावर स्क्रीनवर आलं, ‘तुमची खात्री आहे का?’ कोणीतरी विचारलं, हे बरं वाटलं. मग ‘हो’ दाबलं.
आणि पाचच मिनिटांत मेल! जिच्या सर्व्हरवर साइट होती त्या कंपनीकडून. ‘तुम्ही आम्हाला सोडून जात आहात याचं मनापासून दुःख होत आहे. इतकी वर्षं तुमची सोबत लाभली, हे आमचं भाग्य.’ बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, अरे, हे सगळ्यांना आपोआप जातं. पराकोटीचा कोरडेपणा.
मी उत्तर लिहायला बसलो. महाकोशाची वाटचाल, वाचकांची अनास्था, संग्रहालयवाल्या बाईचा प्रकार, सगळं सविस्तर. ओघात सासऱ्यांच्या पायाचंही लिहिलं. मागची खोली हल्ली फार मोठी वाटते, हेही लिहून गेलो. खोडलं नाही. पाठवलं.
लगेच उत्तर आलं. ‘या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत. कृपया येथे लिहू नये.’
तत्परता मात्र वाखाणण्यासारखी.