पावसाचं नाव न घेणारं घर

बाबा,

यंदा वैशाखात पाऊस आला. चांगला गारांसकट आला, आणि आपल्या गुढियारीच्या कारखान्यात कुणाचाही चेहरा पडला नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सविस्तर सांगते.

अख्खं रायपूर उन्हाच्या नावानं बोटं मोडायचं तेव्हा आपलंच एक घर ऊन मागायचं. कूलर बनवणाऱ्याच्या घरात दुसरं काय होणार! भनपुरीतली ट्रान्सपोर्टची नोकरी सोडून तुम्ही हा धंदा मांडलात तो सगळा सूर्याच्या भरवशावर. दिवाळीनंतर पत्रा यायचा, थंडीभर ठोकाठोक चालायची, होळीपर्यंत कूलरच्या रांगा लागायच्या. उन्हाळ्यात विकले गेले तर गेले, नाहीतर वर्षभर पडून. आणि होळीपासून मृग लागेपर्यंत घरात पावसाचं नाव काढायचं नाही. आई पापड वाळत घालायची. आभाळ भरून आलं तरी "पाणी येते" म्हणायची नाही, मुकाट्यानं पापड उचलून आत आणायची. त्यावरून आम्ही काय ते समजायचो.

दहावीत असताना मी एकदा जेवताना विचारलं, "बाबा, यंदा पाणी आलं तर?" तुमचा हातातला घास हातातच राहिला. "अपशकुनी बोलू नको, पोट्टे! काहून असं बोलून राहिली? यंदा ऊन असं तापते का पायतच राहशीन." नेमकी त्याच वर्षी चैत्रापासून वादळं सुरू झाली. कारखान्यात मावेनात म्हणून कूलर घरात आले. एकात आईचे कांदे, एकात माझी पुस्तकं, पाहुण्यांचा चहाही एका कूलरवरच. "आता मलेच एकात बसवा, म्हणजे जागा होईन," आई म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. पावसाळाभर आम्ही त्या फटींमधून आडवे होऊन चालत होतो, आणि तुम्ही नुकसान भरून काढायचं म्हणून पुढच्या वर्षी आणखी जास्त कूलर बनवलेत. तेव्हापासून पत्र्यावर थेंब वाजला की मी मनात न विकलेले कूलर मोजायला लागायचे. तुम्ही गेल्यावर धंदा हातात घेतला तरी ती मोजणी थांबली नाही.

कारण मीही तुमच्यासारखंच चालवलं ना! थंडीत सगळं बनवायचं आणि आभाळाकडे बघायचं नाही. मागचे दोन्ही उन्हाळे वाईट गेले. तिसराही तसाच गेला असता तर शटर ओढावं लागलं असतं आणि तुमच्या मिस्त्रींना या वयात घरी बसवावं लागलं असतं. म्हणून यंदा पत्रा मागवायच्या आधी मी त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, "भैया, मान लो बैसाख में पानी गिर गया, तो?"

त्यांनी दोन्ही कान धरले. "दीदी, ऐसा मत बोलो. बाबूजी सुनते तो..."

"बाबूजी नहीं हैं, भैया. बताओ, तो क्या करेंगे?"

मिस्त्रींनी पत्र्याचा एक तुकडा उचलून हातात घेतला. मग म्हणाले, कूलरच्या मापानं कापला की त्या पत्र्याचा कूलरच होतो, पण कापलाच नाही तर त्याचं काहीही करता येतं. झालं, तिथून आमची गाडी सुटली. कूलर निम्मेच तयार ठेवायचे. बाकीचा पत्रा तसाच राहू द्यायचा. ऊन तापलं तर त्याचे कूलर, नाही तापलं तर धान साठवायच्या कोठ्या आणि बीरगावच्या कारखान्यांना कामगारांचे लॉकर. कूलरच्या मोटारी लागतील तशा आणायच्या. "हव, ये हो सकता है," मिस्त्री म्हणाले. इतकी वर्षं जो प्रश्न आपण घरात शिरू दिला नाही, त्याचं उत्तर एका बैठकीत निघालं. फाल्गुनात ऊन मात्र असं तापलं, शेजारच्याचे कूलर असे धडाधड जायला लागले, की वाटलं, केला ना शहाणपणा! मिस्त्रींनी मला आवरलं नसतं तर सगळाच पत्रा कापायला काढला असता.

चैत्रात ढग यायला लागले तसे आम्ही उरलेल्या पत्र्याचे लॉकर करायला घेतले. आणि मग तो पाऊस. वीज गेली, दारातून गारा आत उडायला लागल्या, आणि मिस्त्री लॉकरच्या दारांना बिजागऱ्या बसवता बसवता ओरडले, "दीदी, पानी!" किती मोठ्यानं ओरडले, बाबा! मी मनातली मोजणी सुरू व्हायची वाट बघत उभी राहिले. ती सुरूच झाली नाही. मला हसू आलं, मग थोडं रडू आलं, आणि इतकं मोकळं वाटलं की सांगता येत नाही.

घरी आले तर आई दारात खुर्ची टाकून, पाय बाहेर पावसात सोडून बसली होती. "किती बरं वाटून राहिलं गं," म्हणाली. "मले तर पयलेपासूनच पाणी आवडते." मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला होतं का? न विकलेले कूलर यंदाही आहेत, पण कारखान्यातच मावलेत, घरात एकही आला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.

हे पत्र आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण पुढचं तिला सांगवत नाही. त्या संध्याकाळी मला तुमची आठवण आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि खूप आली.