जवारीपुढचं नाव

मिरज, गुरुवार

सकाळी घाईत फोनवरच्या कामांच्या यादीत एका ओळीत टाकलं: "तंबोरा जवारी शुक्र @सलीम". एवढ्यावरून ती वार आणि माणूस ओळखते. तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायच्या या कामात अब्बांचे हात आता थरथरतात, पण तोंडावर सांगायला जीभ रेटेना. यादी अब्बांच्या फोनवरही आहे, हे कसं विसरलो? मीच तर लावून दिलेली.

दुपारी त्यांनी आमच्या कारागिराला, सलीमला, शेजारी बसवलं. घोडी घासायची आपली कानस त्याच्या हातात दिली. "आवाज खुलेस्तोवर घास. घाई न्हाई करायची, गड्या." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं जवारी त्यांचीच. तिथं नाव कधी लिहावं लागलं नव्हतं.

आत्ता पाहिलं. माझ्या ओळीखाली अब्बांनी पहिल्यांदाच काहीतरी टाकलंय: "कारखाना झाडणे रोज @अब्बा".